भाताच्या वाडग्याचं देणं

सामुराईंच्या चित्रपटांतलं मला जे थोडंफार कळतं, त्यासाठी मी एका कारकुनाचं देणं लागतो. आमच्या फिल्म सोसायटीचा प्रोजेक्टर ते चालवायचे. दिवसा जिल्ह्याच्या पुरवठा खात्यात नोकरी. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो. १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो वाटला गेला, त्याच्या नोंदी त्यांच्या हातच्या होत्या. कुरोसावावरचं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागत, आणि नवं रीळ चढवताना काका जे बोलत तेवढीच माझी शिकवणी.

कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) तीन तास सत्तावीस मिनिटांचा. म्हणजे रिळं पुष्कळ आणि शिकवणीही लांब. मी तोशिरो मिफुनेच्या उड्यांवर खूश होतो. डबा उघडता उघडता काकांनी विचारलं, “अरे, तलवारी कुठे पळून जात नाहीत. त्या शेतकऱ्यांनी स्वतः काय खाल्लं, बघितलंस?”

सावा-वरईच्या जातीचं हलकं धान्य खाल्लं होतं. काळ सोळाव्या शतकातला, देश यादवीने पोखरलेला. दरोडेखोरांशी लढायला सामुराई मिळवावेत म्हणून गावकरी शहरात आलेत, आणि देण्यासारखं त्यांच्यापाशी पांढऱ्या भाताशिवाय काही नाही. एका प्रसंगात तोही तांदूळ चोरीला जातो, तेव्हा म्हातारा योहेई जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचतो. काम्बेई हा वयस्क, अनुभवी सामुराई त्यांना नाही म्हणून मोकळा झालेला असतो. मग त्याच मुक्कामाच्या जागी पडून असलेला, आतापर्यंत शेतकऱ्यांची टिंगल करणारा एक मजूर भाताचा वाडगा त्याच्यासमोर धरतो आणि हे लोक स्वतः काय खातात ते सुनावतो. काम्बेई वाडगा हातात घेतो. हे अन्न वाया जाऊ देणार नाही, एवढंच म्हणतो. काम्बेई झालेल्या ताकाशी शिमुराने हा प्रसंग इतका साधा केलाय की चुकून नजरेतून सुटावा. पुढची सगळी लढाई म्हणजे त्या वाडग्याची फेड, असं काका मानत.

पण शेतकरी बिचारे आणि सज्जन, असं कुरोसावा म्हणत नाही. पळणाऱ्या, जखमी सामुराईंना मारून उतरवलेली चिलखतं त्यांच्या घरात सापडतात. सामुराई खवळतात, आणि मिफुनेचा किकुचियो त्यांच्यावर उलटतो: जमिनीखाली खणा, तांदूळ सापडेल, मीठ सापडेल, हे लबाड आहेत, पण यांना लबाड केलं कुणी? गावं जाळणाऱ्या तुम्हीच. त्या रिळानंतर काका बराच वेळ यंत्राशी खुडबुडत राहिले. मग म्हणाले, “तपासणीला गेल्यावर जमिनीखालचं धान्य मीही पाहिलंय. दर वेळी लिहिलं नाही.”

या चित्रपटातल्या चिखलाचं आणि पावसाचं फार कौतुक होतं, ते रास्तच आहे. शेवटची लढाई कुरोसावाने एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी, दुरून टिपणाऱ्या भिंगांनी पकडली, त्यामुळे आपण त्या धुमश्चक्रीत सापडल्यासारखे होतो. मला मात्र त्याहून खरी वाटते ती बंदूक. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर ती तानेगाशिमा बेटावर उतरली, आणि चित्रपटातल्या दरोडेखोरांकडे तशा तीन आहेत. सातांपैकी चार सामुराई मरतात, चौघेही गोळीने. त्यांत क्युझो आहे, ज्याच्या तलवारीला तोड नाही. उभ्या आयुष्याचं कसब, आणि मारणारा समोर आलेलासुद्धा नाही.

मासाकी कोबायाशीचा ‘हाराकिरी’ (१९६२) मला याहून मोठा वाटतो. तिथे काका आणि मी भांडलो. १६३० साल, युद्धं संपलेली, धनी बुडालेले, सामुराई बेकार. आजारी बायको आणि तापाने फणफणलेलं मूल घरी ठेवून तरुण मोतोमे एका बड्या घराण्याच्या दारी येतो. तलवारीची पाती त्याने विकलेली, म्यानात बांबू. घराण्याची माणसं त्याला त्याच बांबूने पोट फाडायला लावतात. त्याचा सासरा हान्शिरो (तात्सुया नाकादाई) जाब मागायला येतो, तेव्हा त्या दालनात पूर्वजांचं चिलखत मानाने मांडलेलं असतं; आत कुणी नसतं. शेवटी बंदुका इथेही येतात, आणि रोजनिशीत घराण्याला शोभेल तेवढंच लिहिलं जातं. कोबायाशीने सक्तीच्या लष्करी सेवेत बढती नाकारली होती आणि तो साधा शिपाईच राहिला. ही चीड पुस्तकातून आलेली नाही.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. “रागावलेला माणूस एका दिवसात मोकळा होतो.” रोजनिशीचा भाग मात्र त्यांना पटला. सरकारी दप्तर कसं लिहितात, ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

ते निवृत्त झाल्यावर योजी यामादाचा ‘द ट्वायलाइट सामुराई’ (२००२) मी त्यांना घरी नेऊन दाखवला. सेइबेई हा पन्नास कोकूंचा सामुराई. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं धान्य. किल्ल्याच्या कोठारात तो शिधासामग्रीचा हिशेब लिहितो. बायको क्षयाने गेलेली, आई भ्रमिष्ट, दोन लहान मुली. रात्री किड्यांचे पिंजरे विणून चार पैसे जोडायचे, अंघोळीला वेळ नाही, अंगाला वास. “हा आमच्या खात्यातला,” काका म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

त्याच्याही म्यानात बांबूच आहे. बायकोच्या अंत्यविधीसाठी त्याने तलवार विकलीय. वरून हुकूम येतो म्हणून त्याला एका बंडखोराला मारायला जावं लागतं, आणि लढाई होते ती बुटक्या छताच्या घरात. प्रतिस्पर्ध्याची लांब तलवार तुळईत रुतते, याची आखूड तलवार वाचते. पुढे १८६८च्या यादवीत सेइबेईही गोळीनेच गेला, हे त्याची मुलगी नुसतं सांगून टाकते.

काकांच्या मते हान्शिरोपेक्षा याचं काम अवघड, कारण मारून झाल्यावर याला घरी जायचं होतं, मुली वाट बघत होत्या. मी म्हणालो, हान्शिरोच्या घरी वाट बघणारं कुणी उरलंच नव्हतं, तेच तर कोबायाशीला दाखवायचंय. वाद मिटला नाही, आणि आता काका नाहीत. मी अजूनही ‘हाराकिरी’च्याच बाजूने बोलतो. फक्त बोलण्याआधी मोतोमेच्या घरात त्या दिवशी शिजवायला काय होतं, ते बघून घेतो.