निळ्या दाण्यातले तीन खांब

माझी एक मैत्रीण धातुशास्त्रात पीएचडी करते. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. इंजिनिअरिंगला मटेरियल सायन्सचा एक पेपर मीही दिला होता, घोकंपट्टी करून. त्यामुळे "एक पायथन स्क्रिप्ट लिहून दे ना" म्हटल्यावर मला भलताच आत्मविश्वास आला.

तांबं-ॲल्युमिनियम-निकेलचा मिश्रधातू. त्यात आयनांच्या झोताने कोरलेले, मायक्रॉनभर जाडीचे खांब. केसाच्या जाडीत असे पन्नासेक मावतील. हिऱ्याच्या सपाट टोकाने वरून दाबायचं. आतली अणूंची मांडणी बदलते, खांब दबतो. दाब काढला की पूर्ववत. ही अतिस्थितिस्थापकता. (शब्द उच्चारेपर्यंत खांब परत उभा!) २००९ साली सान हुआन, नो आणि शू यांनी याच मिश्रधातूच्या खांबांवर दाखवलं, की या फेऱ्यात ऊर्जाही भरपूर शोषली जाते.

तिच्याकडे तीसेक खांबांचे आलेख होते. सरासरीपासून फार दूरचे तीन माझ्या स्क्रिप्टने उडवले. आउटलायर. ऑफिसात सर्व्हरच्या लॉगचं मी रोज हेच करतो. दोन आठवडे ती तो गुळगुळीत आलेख गाइडना दाखवत होती.

मग एका रात्री फोन. "अरे, माझे तीन खांब कुठे गेले?"

"खराब होते. धड दबतच नव्हते."

"खराब नव्हते रे. निळे होते."

स्फटिकाचा एकक म्हणजे एक घन. दिशांच्या नकाशात, दाब घनाच्या कडेला समांतर असेल तर दाणा लाल. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णावर असेल तर निळा. या मिश्रधातूत मांडणी बदलते ती मुख्यतः अणूंचे थर तिरके सरकून. कडेच्या दिशेने दाबलं की त्या सरकण्याला पुरेपूर जोर मिळतो. कर्णावर दाबलं तर जोर एकतर थराला समांतर पडतो, नाहीतर सरकण्याच्या दिशेशी काटकोनात. हाती जवळजवळ शून्य.

मोठ्या तुकड्यात असंख्य दाणे असतात, प्रत्येकाची ओढ वेगळी. म्हणून तो दाण्यांच्या सीमांवर तडकतो. खांबात मात्र एकच दाणा, एकच दिशा. मी सरासरी काढली होती ती नेमकी कशाची?

"एक खांब कोरायला किती वेळ लागतो माहितीये?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही झाली नाही.

फिल्टर काढला, दिशेचा कॉलम टाकला. निळ्या दाण्यात ती आता आणखी पाच खांब कोरतेय. स्क्रिप्ट अजून माझ्याकडेच आहे. काही डिलीट करायचं तर आधी तिला विचारायचं, असं ठरलंय.