एकोणीस एके

बाळकुम, ठाणे

चि. ओंकार,

रेवाला दिलेलं उत्तर बरोबर आहे. एकापुढे एक असे एकोणीस एक लिहिले की मूळ संख्याच होते. ऑस्कर होपे यांनी ते सिद्ध केलं. पण संगणकाला विचारलंस, "हो, मूळ आहे" म्हणालास आणि पोरीला झोपायला पाठवलंस, हे आत्याला मुळीच आवडलेलं नाही. डोंबिवलीत राहून असं वागावं?

गणितज्ञ द. रा. कापरेकर शाळा शिकले ठाण्यात, मास्तरकी केली देवळालीला. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक जगाला ठाऊक आहे. डोंबिवलीकरांनी मात्र आधी त्यांच्या डेम्लो संख्या ओळखायला हव्यात. त्या त्यांना सुचल्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर, आणि ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, ११११चा १२३४३२१. रेवाची संख्या याच घराण्यातली. आप्पांच्या पाटीवर तूच तर हे वर्ग मांडायचास!

तिला कारण सांगायचंस, रे. एकांचा आकडा संयुक्त असला की प्रश्न तिथेच मिटतो: सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. तो मूळ असला तरी खात्री नाही. पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१, सात एकांचे २३९ आणि ४६४९. आता प्रत्येकातून १ वजा कर. पहिल्या जोडीला १०ने भाग जातो, दुसरीला १४ने. एकांच्या आकड्याची बरोबर दुप्पट! हाच नियम इथेही लागतो, म्हणून एकोणीस एकांना भाग जाणार असेल तर तो १९१, २२९, ४१९ अशा, ३८च्या पटीहून एकाने मोठ्या मूळ संख्यांनीच. वर्गमूळ १०५ कोटींच्या पुढे जातं, तेव्हा सगळे भाजक हाताने तपासून होणार नाहीत. पण पहिले दोन-तीन रेवा सहज करील.

आणि यंत्राचा "हो" नेमका कोणता, सिद्धतेचा की चाचणीचा, हे विचारलंस का? मूळ संख्या देणारे एकांचे आकडे म्हणजे १९नंतर २३, मग एकदम ३१७, मग १०३१. हा शेवटचा विल्यम्स आणि डबनर यांनी १९८६मध्ये सिद्ध केला. ८६,४५३ एकांची सिद्धता २०२३मध्ये झाली. २,७०,३४३ एकांची संख्या चाचण्यांतून पार पडली आहे, पण तेवढ्याने ती सिद्ध होत नाही. चाचणी म्हणजे दाट शक्यता. सिद्धता वेगळी, आणि हा फरक सातवीतल्या मुलीला कळतो. तो तिच्यापासून लपवू नये.

"त्यानंतर तिने काही विचारलं नाही" असं तू सहज लिहून गेलास. आत्याच्या जिवाला तेच लागलंय. ही मुलगी दुधाच्या हिशेबातही प्रश्न काढायची! क्लासच्या गृहपाठाने दमली आहे का? की विचारून उपयोग नाही, असं तिच्या मनाने घेतलं? रागावू नकोस, पण आज तिच्याजवळ बस आणि विचार.

रविवारी तिला इकडे घेऊन ये. कोरी वही आण, १९१ने भागायला सुरुवात करू.

तुझी,
सुमाआत्या