सहा एकर दहा गुंठे

माहिती अधिकाराचा माझा पहिला अर्ज हा खरं तर अर्ज नव्हताच, फिर्याद होती. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, सोबत तीन पानं दाट अक्षरात. गिरणाकाठच्या आमच्या शेताचं क्षेत्र का घटलं, कोणी घटवलं, त्यांच्यावर कारवाई काय केली? महाराष्ट्रात 2012 पासून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, हेही मला ठाऊक नव्हतं.

घरात जुना वाटणीचा कागद होता. त्यावर सहा एकर दहा गुंठे. मोबाइलवर सातबारा काढला तर 2 हेक्टर 12 आर. हिशेबानं 2 हेक्टर 53 आर यायला हवेत. म्हणजे एकरभर जमीन गायब. बांधाला बांध लागून चुलतभावाचं शेत. चोर कोण, हे मी अर्ज लिहिण्याआधीच ठरवलं होतं आणि पारावर चार लोकांत बोलूनही दाखवलं होतं.

उत्तर आलं : प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. मी चिडलो. वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत अण्णा हजाऱ्यांच्या 2003 मधल्या, माहिती अधिकारासाठी आझाद मैदानावर झालेल्या उपोषणापासून सुरुवात केली. अपील फेटाळलं गेलं, आणि ते योग्यच होतं. 2005 च्या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख. 'का' याचं उत्तर कुठल्या कागदावर लिहिलेलं असेल तर तो कागद मिळतो. नसेल तर अधिकाऱ्यानं ते बसून तयार करायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मी मात्र ते अपील हरल्यावर वाचलं.

दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जायची तयारी चालली होती, तेवढ्यात गावातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनाकडे बसलो. त्यांनी माझी फाईल चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "भाऊ, तुले कागद जोयजे का भांडण जोयजे?"

मग त्यांनी शिकवणी घेतली. फेरफार, जुना सातबारा, कडईपत्रक अशा जुन्या महसुली कागदांसाठी माहिती अधिकार लागतच नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात साधा नकलेचा अर्ज दिला की प्रमाणित प्रत मिळते. मी फुकट लढाई लढत होतो. त्यातही मधल्या अर्जांत मी मागत होतो गट नंबरवरून 1950 च्या दशकातले कागद. आमच्या गावात तेव्हा गट नव्हतेच, सर्व्हे नंबर होते. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली योजना गावाला लागू झाल्यावर गट पडले. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला, हे एकत्रीकरणाच्या जबाबावरून कळतं, आणि तो जबाब तहसीलला नसतो, भूमी अभिलेखला असतो. 'अभिलेख उपलब्ध नाही' असं मला दोनदा कळवलं गेलं, तेव्हा मी त्यात काळंबेरं शोधलं होतं.

तालुक्याचाही घोळ केला. आमचं गाव धरणगाव तालुक्यातलं, आणि धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होतं, त्यामुळे जुनं दप्तर कोणाकडे राहिलं हे आधी विचारायला हवं होतं. खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले 1906 मध्ये. त्याआधी जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला. एवढं वाचून मी उत्साहात धुळे गाठलं, तेही थेट राजवाडे संशोधन मंडळात. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून जमवलेल्या कागदांचं ते घर. तिथं मी आमच्या आजोबांचा फेरफार शोधायला गेलो होतो! महसुली दप्तर आणि संशोधन मंडळ, दोन्हीकडे जुने कागद आणि मोडी असते, एवढ्यावरून मी हे दोन एकच धरले.

शेवटी शहाण्यासारखा एक अर्ज केला, चार ओळींचा : अमुक गटाच्या क्षेत्रातील बदलांची कागदपत्रं पाहायची आहेत. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. कपड्यात बांधलेलं दप्तर सोडलं की नाकात धूळ जाते, आणि पानं उलटताना कडा बोटाला लागून तुटतात; हळू, हळू, असं शेजारचा शिपाई म्हणत राहतो. त्यात कमी-जास्त पत्रक निघालं. पाटासाठी 14 आर गेलेले. खाली मोबदल्याची नोंद, आणि आमच्या आजोबांचा अंगठा. घरात याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं.

उरले 27 आर. त्यातले 24 तर माझ्या खिशातल्या सातबाऱ्यावरच होते. मी 'लागवडयोग्य क्षेत्र' एवढाच आकडा वाचला होता. त्याखाली 'पोटखराब' म्हणून नाल्याची खडकाळ जागा वेगळी दाखवलेली. वाटणीच्या कागदावरचे सहा एकर दहा गुंठे नाल्यासकट होते. वर्षभर मी जे हुडकत होतो ते दोन बोटं खाली छापलेलं होतं.

आता राहिले 3 आर. तेवढे जुन्या मापात इकडेतिकडे होतात, असं कारकूनकाका म्हणतात. मला अजून पटत नाही, खोड आहे. मी मोजणीचा अर्ज टाकलाय. त्यात लगतच्या खातेदारांची नावं द्यावी लागतात आणि मोजणीआधी त्यांना नोटीस जाते. चुलतभावाचं नाव मीच लिहिलं. पारावर जे बोललो ते परत घ्यायला त्याच्या घरी जायचं राहिलंय, आणि आता माझ्याआधी बहुतेक नोटीसच पोहोचेल.