शौरीपूरच्या वाटेवरील अभयस्थान

मथुरेच्या चौरासी क्षेत्री जंबूस्वामींचे दर्शन आटोपून यात्रेकरूंची वाहने आग्र्याकडे वळतात, तेव्हा पुढील मुक्काम बहुधा शौरीपूरचा ठरलेला असतो. आग्रा सुमारे २० किलोमीटर उरले असता महामार्गालगत कीठमचे सरोवर लागते. १९९१ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला हा सूरसरोवर परिसर २०२० पासून रामसर यादीतही आहे. याच झाडीच्या आत, बाहेरून सहज दृष्टीस न पडणारे, अस्वलांचे एक आश्रयस्थान आहे. मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. परंतु श्रावक कुटुंबाने पूर्वपरवानगी काढून तासभर थांबावे, असे ते स्थळ आहे.

आज साठी ओलांडलेल्या पिढीस दरवेशी आठवत असेल. डमरूच्या तालावर मागच्या पायांवर उभे राहणारे अस्वल, त्याच्या नाकातून ओवलेली दोरी, मुलांच्या गळ्यात बांधण्यासाठी विकत घेतलेला अस्वलाच्या केसांचा ताईत, आणि ओट्यावरून टाकलेली नाण्यांची चिल्लर. बघणाऱ्यांस तो नाच वाटे. वस्तुतः ते वेदनेने टाकलेले पाऊल होते. पिल्लू मिळविण्यासाठी रानात बहुधा त्याच्या आईला ठार केले जाई. पुढे तापलेल्या सळईने त्याच्या मुखाग्राला आरपार छिद्र पाडून त्यात दोरी ओवीत; सुळे पाडीत, नखे काढीत. दोरीला हिसका बसला की जखम पुन्हा ठणके आणि प्राणी उभा राही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणाच्या वेळी आपण नित्य आठवतो: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. दरवेशाच्या अस्वलाच्या वाट्याला यांपैकी कोणता अतिचार आला नव्हता, हे शोधावे लागेल.

कायदा नव्हता असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांना खेळासाठी शिकविण्यास व प्रदर्शित करण्यास केंद्र शासनाने १९९८ मध्ये अधिसूचनेद्वारे मनाई केली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. तरीही रस्त्यांवर अस्वले नाचतच होती. याचे कारण कोणत्याही व्यापारी कुटुंबास चटकन उमगेल. उत्तरेत हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या कलंदर समाजाकडे होता आणि अस्वल हेच त्या घराचे एकमेव भांडवल होते. भांडवल जप्त केले तर घर उपाशी राहणार. उपाशी माणूस पुन्हा दुसरे पिल्लू विकत घेणार. आणि त्या पिल्लासाठी रानात आणखी एक माता मारली जाणार. शिवाय जप्त केलेले अस्वल ठेवायचे कोठे, हाही प्रश्न होताच.

या दोन्ही प्रश्नांना एकत्रित उत्तर शोधण्याचे काम कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने केले. उत्तर प्रदेश वन विभागाच्या सहकार्याने कीठमचे केंद्र १९९९ मध्ये उभे राहिले आणि डिसेंबर २००२ मध्ये पहिली अस्वले तेथे दाखल झाली. पद्धत साधी होती. कलंदराने अस्वल स्वाधीन करावे, पुन्हा हा व्यवसाय न करण्याचे लिहून द्यावे आणि त्याबदल्यात त्याला दुसऱ्या उद्योगासाठी साहाय्य मिळावे. कोणी दुकान थाटले, कोणी रिक्षा घेतली. स्त्रियांना शिवणकाम व विणकाम शिकविले गेले, मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. काही जण तर अस्वलांचीच निगा राखण्याच्या कामी लागले. सहाशेहून अधिक अस्वले अशा रीतीने सोडविली गेली आणि २००९ च्या अखेरीस अखेरचे मानले गेलेले नाचरे अस्वल बंगळुरूनजीकच्या बन्नेरघट्टा केंद्रात पोहोचले. शतकानुशतकांची रूढी सात वर्षांत मावळली, ती केवळ दंडाच्या भयाने नव्हे. प्राण्याला अभय देताना माणसाच्या भाकरीचाही विचार झाला, म्हणून.

कीठमची अस्वले आता आखलेल्या मोठ्या आवारांत मोकळी असतात. मधात कालवलेली लापशी आणि फळे हा त्यांचा आहार. कोणी झाडावर चढते, कोणी माती उकरून वाळवी हुंगते, कोणी पाण्याच्या टाक्यात बसून राहते. त्यांना पुन्हा रानात मात्र सोडता येत नाही. सुळे नाहीत, नखे नाहीत आणि रानात कसे जगावे हे शिकविणारी आई पहिल्याच दिवशी गमावलेली. अनेकांच्या मुखावर दोरीचा व्रण आजही दिसतो.

हे पाहून निघालेला यात्रेकरू सायंकाळी शौरीपुरास पोहोचतो. बटेश्वरच्या घाटांवरील शिवमंदिरांची रांग मागे पडते आणि यमुनेकाठच्या घळींच्या प्रदेशात नेमिनाथांचे जन्मस्थान समोर येते. राजुलमतीशी विवाहासाठी निघालेल्या कुमाराने वाटेत कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला आणि आपल्या उत्सवासाठी हे जीव बंदिस्त झाले आहेत, हे समजताच रथ माघारी फिरविला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. लक्षात घ्यावे असे की, कुमाराने स्वतः कोणत्याही प्राण्याला बांधले नव्हते. त्याच्यासाठी कोणीतरी बांधले होते, एवढेच त्याला पुरेसे झाले.

ओट्यावरून नाणे टाकणाऱ्यानेही अस्वलाचे नाक टोचले नव्हते. गिऱ्हाईक आहे तोवर माल येतच राहतो, हा बाजाराचा नियम आपल्याला कोणी शिकवावयास नको. म्हणूनच आपल्या घरांतील काही गोष्टी तपासून पाहणे अगत्याचे आहे. अंगणातील पिंजऱ्यातला पोपट पाळण्यास कायद्याची अनुमती नाही. भरभराटीसाठी म्हणून घरात ठेवलेले तारांकित कासव अस्वलाप्रमाणेच पहिल्या अनुसूचीत आहे. पर्युषणात सोडून देण्यासाठी पारध्याकडून विकत घेतलेले रानपक्षी पुण्यापेक्षा पुढच्या जाळ्याची किंमत चुकती करतात. भारतीय वन्य पक्ष्यांचा हा व्यापार मुळातच निषिद्ध आहे. हौसेने आणलेला मकाऊ किंवा आफ्रिकी करडा पोपट यांचीही गोष्ट आता वेगळी राहिलेली नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित अशा परदेशी प्रजातींचा समावेश चौथ्या अनुसूचीत झाला असून त्या बाळगणाऱ्याने शासनाकडे नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

शौरीपूरच्या मंदिरात संध्याकाळची आरती होते. दर्शन घेऊन परतणाऱ्या कुटुंबांपैकी एखाद्याच्या घरी पिंजरा असेल, तर त्याने आपल्या शहरातील वन विभागाच्या कार्यालयाचा पत्ता विचारून घ्यावा. ताटातुटीचे दुःख मुलांना होईलच. त्यांना त्या वेळी नेमिनाथांच्या रथाची गोष्ट पुन्हा एकदा सांगावी.