निखारे

आम्ही किनाऱ्याची माणसे. आमच्याकडे थंडी पाहुणीसारखी येते. नाताळच्या सुमारास दोन-चार पहाटे गोधडी अंगावर ओढायला लावते आणि निघून जाते. त्यामुळे थंडी म्हणजे काय, हे पन्नाशी उलटेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ते ज्ञान आम्हाला 2023 च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडावर झाले. आणि त्याच रात्री आणखी एक गोष्ट कळली, जी त्याआधी तीस वर्षे आम्ही कळून घेतली नव्हती.

नाताळचा काळ संपला, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण पार पडला, की धर्मगुरूला दोन दिवस उसंत मिळते. ती साधून आम्ही तिघे निघालो. तिघेही सेमिनरीतले एका बाकावरचे. दोघे धर्मगुरू झालो. तिसरा मात्र ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी घरी परतला, बँकेत लागला, संसारी झाला. आमच्या दीक्षाविधीला तो आला होता, रौप्यमहोत्सवालाही आला. मैत्री टिकली होती. ती त्याने टिकवली होती, हे आम्हाला पुढे उमजले.

घोटी-राजूरमार्गे पाचनईला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. गडाची ही वाट त्यातल्या त्यात सोपी. ओढ्याच्या काठाने, पुढे झुकलेल्या कड्याच्या पोटातून ती वर चढते. तरुण मुले ती दोन तासांत संपवतात. आम्हाला साडेतीन लागले. अंगातले सुती बनियन घामाने पिळून निघाले. वर हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर आहे, शेजारी केदारेश्वराची गुहा. गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात शिवलिंग आहे आणि भोवतालच्या चार खांबांपैकी एकच आज उभा आहे. तेथून आम्ही कोकणकड्यावर गेलो. पायाखालची जमीन एकाएकी संपते, कडा आत वळतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. येथेच कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने धुक्यात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. आम्हाला धुकेही दिसले नाही. आकाश निरभ्र होते आणि वारा सुटला होता. निरभ्र आकाशाचे आम्हाला कौतुक वाटले. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब अशा रात्री ढगांची गोधडी नसल्यामुळे थेट आकाशात निघून जाते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

पाचनईचे एक बाबा पठारावर झाप घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालतात. त्यांच्याकडे पिठले, भाकरी आणि ठेचा खाऊन झापाशेजारीच आम्ही तंबू ठोकला. हा प्रदेश 1986 पासून अभयारण्य आहे; उघड्यावर जाळ करायचा नाही, असे बाबांनी आधीच बजावले होते. मृग नक्षत्र डोक्यावर आले होते. आम्ही तंबूत शिरलो.

तासाभराने बँकवाल्या मित्राचे दात वाजू लागले. त्याने घामाचे बनियन बदलले नव्हते. आम्ही कोणीच बदलले नव्हते, पण त्याची प्रकृती मुळात किरकोळ. ओला कापूस अंगाची ऊब शोषून घेतो, आणि खालची गार जमीन वरच्या वाऱ्याइतकीच माणसाला गारठवते. आम्ही मात्र पांघरुणावर पांघरूण घालत राहिलो. खाली होती एक पातळ सतरंजी. थोड्या वेळाने त्याला चेन लावता येईना. बोटे ऐकत नव्हती, शब्दही जड येऊ लागले.

तेव्हा आम्हाला, म्हणजे या ओळी लिहिणाऱ्याला, एक कल्पना सुचली. झापातल्या चुलीत निखारे होते. बाबांची झोपमोड कशाला करावी, या सुजाण विचाराने आम्ही ते घमेल्यात भरून आणले, तंबूच्या मधोमध ठेवले आणि वारा आत येऊ नये म्हणून सगळ्या चेना लावून घेतल्या. पाच मिनिटांत तंबू उबदार झाला. मित्र शांत झाला. आम्हालाही गाढ गुंगी आली. डोके थोडे दुखत होते; चढणीचा शीण, असे आम्ही ठरवले.

चेन खसकन उघडली गेली आणि बाबांचा आवाज आला, ‘‘काय माणसं आहात! निखारे आत घेऊन निजतात का कोणी? सकाळी उठायचंय ना?’’ त्यांनी घमेले ओढून बाहेर काढले आणि आम्हा तिघांना हाताला धरून वाऱ्यात उभे केले. ते चूल पाहायला उठले होते. निखारे जागेवर नाहीत म्हटल्यावर त्यांनी ताडले होते.

कोळसा बंद जागेत धुमसला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. माणसाला वाटते, झोप येत आहे. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आम्ही हिवाळ्यात अनेकदा वाचल्या होत्या आणि त्या माणसांच्या अज्ञानाची कीवही केली होती.

पुढचे बाबांनीच केले. मित्राचे ओले कपडे उतरवून कोरडे चढवले, कानटोपी घातली. झापात भाताचा पेंढा जाड अंथरला, त्याला त्यावर निजवून घोंगडे दिले, गुळाचा चहा पाजला, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीत दिली. झापाला दार नव्हतेच. चुलीत पुन्हा जाळ झाला आणि आम्ही भोवती बसलो. ‘‘ऊब हवी तर वाऱ्याला वाट ठेवावी लागते,’’ एवढे बोलून बाबा कुशीवर वळले.

बऱ्याच वेळाने मित्राचा आवाज स्वच्छ झाला. जाळाकडे पाहत तो म्हणाला, ‘‘तुम्हाला एक विचारू? मी सेमिनरी सोडली, तेव्हा तुम्हा दोघांपैकी एकानेही पत्र का नाही टाकलं?’’

आम्ही उत्तर शोधू लागलो. अभ्यास, परीक्षा, वरिष्ठांना काय वाटेल ही भीती, सारी कारणे खरी होती. त्यातले एकही उच्चारता आले नाही. तो म्हणाला, ‘‘घरच्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. वर्षभर रोज पोस्टमनची वाट पाहिली रे.’’

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. मूळ ग्रीक भाषेतला तो शब्द संपूर्ण नव्या करारात त्या दोनच ठिकाणी आहे, हे आम्ही तिघे एकाच वर्गात शिकलो होतो. पहिल्या विस्तवाशी पेत्र अंग शेकत उभा राहिला आणि आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणाला. दुसरा पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर पेटवला होता आणि त्यावर मासे भाजत होते. या दोन विस्तवांवर आम्ही अनेक प्रवचने केली आहेत. आपण स्वतः पहिल्याच विस्तवाशी तीस वर्षे अंग शेकत बसलो आहोत, असे मात्र कधी वाटले नव्हते. आमच्या आतल्या उबेत त्याच्यासाठी आम्ही चेन लावून घेतली होती, आणि गुंगीला शांती समजलो होतो.

‘‘चुकलंच आमचं,’’ एवढेच आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने चुलीत एक काटकी सारली आणि थोडा सरकून आम्हा दोघांना जाळाजवळ जागा करून दिली.

सकाळी गवतावरचे दव खडीसाखरेसारखे पांढरे दिसत होते. बाबांनी जेवणाचे पैसे घेतले, रात्रीचे घेईनात. उतरताना मित्र पुढे होता आणि आम्ही त्याच्या मागे. पाचनईला गाडीत बसल्यावर आम्ही त्याचा पूर्ण पत्ता विचारून वहीत लिहून घेतला. तो हसला. ‘‘आता फोन असतो, फादर,’’ तो म्हणाला. पत्र आम्ही त्याच आठवड्यात टाकले.