पाच टॅब आत

ड्रायव्हर चालत होता. तापमानाचे आकडे बरोबर येत होते, मॉड्यूल काढून पुन्हा घातलं तरी काही बिघडत नव्हतं, चेकपॅचनंही कुठे बोट ठेवलं नव्हतं. तरी माझ्या पॅचवर काकांचे शेरेच शेरे. आमच्या पुण्याच्या टीममध्ये ते वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून काका.

सुरुवातीचे शेरे मुकाट्यानं मान्य केले. रजिस्टरमध्ये मी नुसता हेक्स आकडा टाकला होता. डेटाशीट उघडल्याशिवाय कुठला बिट काय करतो ते कळायची सोय नव्हती. तिथे नावं दिली. एका ठिकाणी ‘५ मिलिसेकंद थांबा’ अशी कॉमेंट होती. त्यावर काकांनी लिहिलं होतं, “ते खालच्या ओळीत दिसतंच आहे. का थांबायचं ते लिही.”

वाजलं ते प्रोब फंक्शनवरून. सप्लाय चालू झाला तर क्लॉक सुरू कर, तो झाला तर रिसेट सोड, आयडी जुळला तर इंटरप्ट माग, असं मी लिहिलं होतं. प्रत्येक ‘तर’ एक टॅब आत, आणि लिनक्सचा टॅब आठ अक्षरांचा. पाचव्या पायरीला चाळीस रकाने नुसते कोरे, मग उरलेल्या जागेत मोडून मोडून कोंबलेल्या ओळी.

“काका, २०२० पासून चेकपॅच १०० रकाने चालवून घेतं.”

“त्याला चालतं गं, मला वाचता येत नाहीये.”

कर्नलचे शैलीनियमच सांगतात, की तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर प्रोग्राम दुरुस्त करा. आवरासावरीसाठी ‘गोटू’ वापरा, असंही तेच सांगतात. कॉलेजात गोटू म्हणजे पाप होतं, म्हणून मी हटून बसले होते. शेवटी चडफडत लिहायला घेतलं: चूक आली की तिथूनच खालच्या लेबलवर उडी, आणि लेबलं उलट्या क्रमानं. आधी क्लॉक बंद, मग सप्लाय बंद.

क्लॉक बंद करायची ओळ जुन्या कोडमधून उचलायला गेले. इंटरप्ट न मिळाल्याच्या फांदीत ती नव्हतीच. सप्लाय बंद होत होता, क्लॉक तसाच चालू. (आता क्लॉक आपोआप बंद करणारं डेव्हएम फंक्शन आहे, आमच्या त्या कर्नलमध्ये नव्हतं.)

आमच्या बोर्डवर सेन्सरची इंटरप्ट लाइन जीपीआयओ एक्स्पांडरमधून यायची, आणि त्याचा ड्रायव्हर उशिरा जागा व्हायचा. तोवर माझा प्रोब ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवला जायचा, दर खेपेला एक क्लॉक चालू ठेवून. मॉड्यूल हातानं घालताना एक्स्पांडर आधीच तयार असायचा, त्यामुळे माझ्या चाचणीत हे कधी दिसलंच नाही. डीबगएफएसमधली क्लॉकची यादी काढली. मोजणी १ हवी होती, तिथे ३. बोर्ड झोपताना ड्रायव्हर क्लॉक एकदाच बंद करायचा, मागे २ उरायचे.

झोपलेला बोर्ड जास्त करंट का खातोय, याचा शोध हार्डवेअरचा मित्र दोन आठवडे घेत होता. काकांना सांगायच्या आधी मी त्याच्या टेबलाशी गेले. तो भिंगाखाली एक कपॅसिटर काढत होता.

“थांब,” मी म्हटलं, “तो परत लाव.”