घरात मांजर, दाराशी लिली

लेस्टरला लेकीकडचा हा माझा दुसरा नाताळ. डिसेंबरात तेथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिरातून दुपारचे दर्शन घेऊन परतेपर्यंत दिवे लागतात, आणि नातवंडांच्या हट्टापायी आपल्या घरांतूनही नाताळाचे झाड उभे राहते.

घरात मनी आहे. शाकाहारी कुटुंबाने निसर्गतःच मांसाहारी असलेला जीव पाळावा का, या वादात मी पडत नाही. दाराशी आलेल्या पिलाला हाकलणे लेकीला जमले नाही, एवढे खरे.

मला भीती होती झाड कोसळण्याची. लेकीने ते भिंतीतल्या हुकाला बांधून तो विषय संपविला. तिचे लक्ष दोऱ्यांकडे होते. चमकीच्या झालरी तिने आणल्याच नाहीत. भेटवस्तूंच्या रिबिनी सुटताक्षणी उचलल्या. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेली दोरी त्याला सहजी थुंकता येत नाही. ती आत अडकली की आतड्याला चुण्या पडतात, प्रसंगी ते चिरते. टोक बाहेर दिसले तरी ओढू नये, तडक पशुवैद्याकडे जावे.

कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. आमच्या ओट्यावर तो धोका नव्हता, याचे मला गुपचूप समाधान वाटले!

लाल पानांच्या पॉइन्सेटियाला लोक उगाच भितात. त्याने बहुधा लाळ गळते, उलटी होते, इतकेच. खरी धास्ती लिलीची. पाकळी, पान, अंगावर सांडलेला पराग, फार काय फुलदाणीतले पाणीही चाटले, तरी एक ते तीन दिवसांत मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लक्षणांची वाट पाहत बसल्यास उपचाराची वेळ निघून जाते.

आणि नेमका जावयांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने पांढऱ्या लिलींचा भला थोरला गुच्छ घरी पाठविला. व्यापारी घरात गिऱ्हाइकाची भेट परतविता येत नाही. टाकून द्यावी, तर त्याने विचारल्यावर काय सांगणार? जावयांनी गुच्छ उंबऱ्याबाहेरच स्वीकारला, तसाच मोटारीतून दुकानी नेला आणि गल्ल्याशेजारी मांडला. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ आले, आपली फुले दर्शनी जागी पाहून संतोषले.

संध्याकाळी जावई परतले, तेव्हा लेकीने त्यांना दारातच थांबविले आणि कोटाच्या बाहीवरचा पिवळा पराग ओल्या फडक्याने टिपून घेतला.